सगुणेच्या खडपासमोर ढोल थांबतो

ते समोर काळं खडप, म्हणजे खडक, दिसतंय ना, त्याला सगुणेचं खडप म्हणतात. नाही हो, तिकडे डोंगराकडे काय बघताय? खाली, पाण्याच्या कडेला, म्हैस डुंबत बसावी तसं बसलंय ते. आता ओहोटी आहे म्हणून अख्खं दिसतंय. दुपारी याल तर त्या जागेवर नुसता फेस दिसेल.

बसा इथे सुरूच्या सावलीत. पालखी यायला तास आहे अजून. आमच्या हेदळबंदराला रंगपंचमीच्या दिवशी झोलाई देवी समुद्रस्नानाला येते, हे तुमच्या लॉजवाल्याने सांगितलंच असेल. पुढे ढोल-ताशे, मग नाना तऱ्हेची सोंगं, बाईचा वेष घेतलेल्या गोमूचा नाच, त्यामागे पालखी, आणि या सगळ्यांच्या भोवती गरगरणारा संकासुर. काळा अंगरखा, काळी उंच टोपी, मुखवट्याला पांढरी दाढी नि लाल जीभ, कमरेला घुंगरं, हातात दोरखंड. तुमची पोरं भितील. भिऊ द्या, त्यासाठीच तर तो असतो.

पण एक आधीच सांगून ठेवतो. मिरवणूक त्या खडपासमोर आली की ढोल थांबतो. एकदम. आणि संकासुर सगळ्यांदेखत मुखवटा काढून दोन वाक्यं बोलतो. उभ्या कोकणात हे दुसरीकडे बघायला मिळायचं नाही. शेजारच्या गावचे लोक तर म्हणतात, हेदळबंदरवाल्यांनी देवाची मर्यादा घालवली. म्हणोत बापडे. त्या वेळी फोटो काढू नका आणि टाळ्या वाजवू नका. गेल्या वर्षी पुण्याच्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नाटकातला प्रवेश संपला. त्यांचा तरी काय दोष? पण मला फार लागलं ते. म्हणून हल्ली या देवळाचा गुरव या नात्याने मीच पाहुण्यांना धरून बसवतो आणि सगळं सांगतो. कंटाळा आला तर नारळपाणी घ्या, पण उठू नका.

गोष्ट जुनी आहे, माझ्या पणजोबांच्याही आधीची. त्या काळी गावात गुणाजी नावाचा खारवी होता. स्वतःची होडी होती. आणि पाण्याची जाण तर अशी, की घरात पडल्या पडल्या लाटेच्या आवाजावरून भरती कितपत आली ते सांगायचा, असं म्हणतात. बायको चंद्रभागा, कामाला वाघीण. सगळं होतं, पण मूल टिकत नव्हतं. तीन झाली, तिन्ही वर्षाच्या आत गेली. चौथा मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव धोंडू ठेवलं, दगडाच्या नावाने तरी जगेल म्हणून. सहाव्या महिन्यात तोही तापाने फणफणला. दूध तोंडात धरेना. तेव्हा गुणाजी देवळात जाऊन देवीपुढे आडवा झाला आणि म्हणाला, "आई, एवढा एक ठेव. पाच वर्षं तुझा संकासुर होईन. मुखवटा चढला की तुझं स्नान होईपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. काढला तर तुझं तू परत घे."

देवीच्या उजव्या अंगाचं फूल पडलं म्हणे. म्हणजे नवस मान्य झाला.

पोर वाचलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, महिन्याभरात पोर रांगायला लागलं, आणि गुणाजीने बोलल्याप्रमाणे संकासुराचा मुखवटा चढवला. एक वर्ष, दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी नाचता नाचता पायात शिंगाळ्याचा काटा घुसला. त्या माशाचा काटा म्हणजे काय असतो हे ज्याला लागलाय त्यालाच ठाऊक, भलाभला माणूस आईच्या नावाने ओरडतो. गुणाजीने हूं की चूं केलं नाही. रक्ताळलेल्या पायाने शेवटपर्यंत नाचला. लोक म्हणायला लागले, नवस फेडावा तर गुणाजीनेच. त्यालाही ते ऐकायला आवडायचं. माणूसच तो.

पाचव्या वर्षी, म्हणजे नवसाच्या शेवटच्या वर्षी, होळीच्या आधी घाटावरून एक कासाराचं कुटुंब उतरलं. लग्नसराई तोंडावर आलेली, तेव्हा गावोगाव फिरून बांगड्या भरायच्या असा त्यांचा बेत. म्हाळोजी कासार, त्याची बायको राही आणि त्यांची सात वर्षांची एकुलती एक मुलगी सगुणा. सोबत बांगड्यांची ओझी वाहणारा एक बैल. या देवळाच्याच पडवीत ते उतरले होते. राहीने चंद्रभागेच्या हातात हिरवा चुडा भरला, इतका घट्ट आणि तरीही एक बांगडी फुटली नाही. दोघी बायकांचं असं काही गूळपीठ जमलं की विचारू नका. सगुणा दिवसभर गुणाजीच्या अंगणात धोंडूला खेळवत असायची. समुद्र तिने जन्मात पहिल्यांदा पाहिलेला. गुणाजीने तिला होडीत बसवून खाडीत फिरवून आणलं, तेव्हापासून ती त्याला 'होडीवाले काका' म्हणायला लागली.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी कासार निघायची तयारी करत होते. बैलावर ओझी चढली होती. गुणाजीनेच त्यांना थांबवलं. म्हणाला, "अहो म्हाळोजी, एवढ्या लांब येऊन देवीची मिरवणूक न बघता जाताय? पोरीला जन्मभर आठवण राहील. एका दिवसाने तुमचं काय अडलंय?"

म्हाळोजीचं काही अडलं नव्हतं. ओझी उतरवली.

आता इथली एक रीत तुम्हाला ठाऊक हवी. आमच्या पोरांना पाय फुटले की पहिली शिकवण ही, की संकासुर मागे लागला तर वर पळायचं, माडांकडे. खाली पळायचं नाही. खाली समुद्र आहे. हे आम्ही कुणाला मुद्दाम सांगतसुद्धा नाही, पोरं एकमेकांचं बघून शिकतात. सगुणेला हे कुणी सांगितलं नाही. सांगावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. ती पडली घाटावरची. तिच्या गावचं पाणी म्हणजे नदीचं, एकदा गेलं ते गेलं. गेलेलं पाणी माघारी येतं हे तिला कसं कळावं? सकाळी तिने बघितली ती मैलभर उघडी पडलेली वाळूची पुळण, तिच्यावर रंग खेळणारी माणसं आणि मधे ते खडप, लपायला अगदी झकास.

मिरवणूक पुळणीवर उतरली तेव्हा ओहोटी नुकती सरत आली होती. आमच्याकडे देवीला चढत्या पाण्याचं स्नान घालतात. पालखी वाळूवर नाचवत ठेवायची, पाणी वर यायला लागलं की ढोलाची गत वाढवायची, आणि लाट पालखीच्या दांड्याला लागली की स्नान झालं. म्हणजे पाणी येण्याचीच सगळे वाट बघत असतात. पाणी जितकं जवळ, तितका आनंद मोठा.

संकासुराने गर्दीत सगुणेला ओळखलं. लाल खणाचं परकर-पोलकं, दोन वेण्या, तोंड गुलालाने माखलेलं. तिची जरा गंमत करावी म्हणून गुणाजी तिच्या अंगावर धावून गेला. पोरगी आनंदाने किंचाळली आणि पळाली. कुठे? खाली. गुणाजी घुंगरं वाजवत दहा-बारा पावलं तिच्या मागे गेला, दोरखंड फिरवला, आणि गोमूचा नाच सुरू झाला तसा माघारी फिरला. मागे वळून बघितलं नाही. येईल आपली आपण, असं धरून चालला. आपल्याकडची पोरं येतात तशी.

पुढे बराच वेळ गेला. पालखी अगदी रंगात आली होती. नाचता नाचता गुणाजीची गिरकी समुद्राकडे झाली आणि त्याला खडपाच्या पलीकडून लाल खण दिसला. पोरगी लपून बसली होती. संकासुर आपल्याला शोधतोय अशाच समजुतीत होती बिचारी. आणि खडप आणि किनारा यांच्या मधल्या चरात पाणी भरलं होतं. आपल्या इथे भरती समोरून येते असं तुम्हाला वाटतं ना? ती आधी मागून येते. खडपाच्या किनाऱ्याकडचा चर भरतो, आणि मग खडप बुडतं. हे गुणाजीला नाही कळायचं तर कुणाला? त्याने बघताक्षणी हिशोब केला, अर्धी घटका. फार तर.

त्या अर्ध्या घटकेत एक हाक पुरली असती. किनाऱ्यावर पन्नास पोहणारे होते. "पोर खडपावर आहे" एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. त्याने तोंड उघडलं देखील म्हणे. आणि नेमका त्याला समोर मामाच्या खांद्यावर बसलेला धोंडू दिसला. पाच वर्षांचा, अंगाने भरलेला, टाळ्या वाजवणारा. आणि नवसाचे स्वतःचेच शब्द त्याच्या कानात उभे राहिले. काढला तर तुझं तू परत घे.

त्याने तोंड मिटलं.

लोक सांगताना म्हणतात, तो गोंधळला, त्याला सुचलं नाही. खोटं आहे ते. त्याला सगळं सुचलं होतं. एकीकडे परक्याची पोर, एकीकडे आपला पोर, आणि त्याने आपला निवडला. तुम्ही-आम्ही काय केलं असतं, ते ज्याचं त्याने ठरवावं. मनाला त्याने समजावलं, की खुणेने सांगू, कुणाला तरी कळेल, अजून वेळ आहे.

मग तो खुणा करायला लागला. हात वर करून खडपाकडे दाखवतोय, उड्या मारतोय, छाती बडवून घेतोय. लोक हसायला लागले. "अरे, यंदा संकासुर भलताच रंगात आलाय!" ढोलकऱ्यांनी गत वाढवली. जितका तो जीव तोडून खुणा करी तितका ढोल जोरात. त्याने म्हाळोजीचा हात धरून त्याला ओढला. म्हाळोजीला वाटलं, देव आपल्याला नाचायला बोलावतोय. तो बिचारा नाचायला लागला. मग गुणाजी राहीपुढे जाऊन उभा राहिला. खडपाकडे बोट दाखवलं. राहीने बोटाकडे बघितलंच नाही. तिने भक्तिभावाने वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "देवा, माझ्या सगूला उदंड आयुष्य दे."

तिचं कपाळ त्याच्या पायांवर होतं आणि तो गप्प होता.

मग मात्र तो धावत सुटला. मुखवट्यासकट, अंगरख्यासकट, घुंगरांसकट पाण्यात शिरला. काठावरच्या लोकांना तेही सोंगच वाटलं. चराचं पाणी छातीपर्यंत आलेलं, भिजलेला अंगरखा पायांत गुंडाळतोय. तरी खडपाजवळ पोहोचला. दहा हात उरले असतील. पोर खडपाच्या माथ्यावर उभी, घोट्यापर्यंत पाणी, रडून रडून आवाज बसलेला. घुंगरं ऐकून तिने वळून पाहिलं. तिला काय दिसलं असेल? पाण्यातून वर येणारं काळं तोंड, लाल जीभ. होडीवाले काका दिसले नाहीत तिला.

गुणाजीचा हात मुखवट्याच्या गाठीकडे गेला. नुसता मुखवटा उचलला असता तरी तिने ओळखलं असतं, हात पुढे केले असते. पण हात गाठीपाशी जाऊन माघारी आला. आणखी दहा हात, त्याने म्हटलं, एकदा पोर हातात आली की झालं. तो एक पाऊल पुढे गेला. पोर "नको, नको" करत एक पाऊल मागे गेली. तो आणखी एक पुढे. ती आणखी एक मागे. खडपाच्या समुद्राकडच्या अंगाला खोल डोह आहे.

समुद्राने संध्याकाळी ओहोटीला तिला परत आणून दिली. या इथेच.

आणि गावाने काय म्हणावं? गावाने म्हटलं, धन्य तो गुणाजी. परक्याच्या पोरीसाठी पाण्यात उडी घेतली आणि वर नवसही मोडू दिला नाही! मुखवटा उतरवला तेव्हा त्याच्या गळ्यात हार घातला. म्हाळोजी पोरीला मांडीवर घेऊन बसला होता, तो उठला आणि गुणाजीच्या पाया पडला. "तुम्ही स्वतःचा जीव धोक्यात घातलात हो," म्हणाला. "आमचंच नशीब फुटकं." तिसऱ्या दिवशी कासार घाट चढून निघून गेले. गुणाजी त्यांना वाटेला लावायला वेशीपर्यंत गेला होता म्हणतात. कसा गेला असेल, त्याचं त्यालाच माहीत.

गावाने ठराव केला, यापुढे संकासुराचा मान कायमचा गुणाजीच्या घराला. येईल-जाईल त्याला लोक गुणाजी कौतुकाने दाखवायचे. आणि गुणाजी? पाण्यावर जाईनासा झाला. जेवायला बसला की ताटावरून उठून जायचा. धोंडू 'बाबा' म्हणून गळ्यात पडला की त्याला सोडवून बाजूला ठेवायचा आणि नंतर दाराआड जाऊन रडायचा. पोराला खोकला झाला तरी घाबरायचा, आणि पोर खडखडीत बरं असलं की त्याला त्याची लाज वाटायची. असं वर्ष गेलं.

पुढचा शिमगा पंधरा दिवसांवर आला तेव्हा एका दुपारी तो चुलीपुढे बसला आणि चंद्रभागेला त्याने सगळं सांगितलं. सगुणा केव्हा दिसली, आपण काय केलं, कुणासाठी केलं. चंद्रभागा भाकरी थापत होती. ऐकता ऐकता तिच्या तोंडून निघून गेलं, "बरं केलंत."

आणि दुसऱ्याच क्षणी तिने पिठाचा हात तोंडावर दाबून धरला. तव्यावरची भाकरी करपली. मग ती म्हणाली, "तिने माझ्या हातात चुडा भरलाय. जा, तिला जाऊन सांगा. आपण असं जगायचं नाही."

गुणाजी घाट चढला. चार दिवसांची वाट. कासाराचं घर विचारत विचारत गेला तेव्हा म्हाळोजी बाजाराला गेला होता. राही ओट्यावर बांगड्या दोरीत ओवत बसली होती. त्याला बघून लगबगीने उठली, पाय धुवायला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. आपल्या पोरीसाठी जिवावर उदार झालेला माणूस आलाय, अशा भावनेने तिने सगळं केलं. त्याने गूळ तोंडात घातला नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

राहीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

ती खाली बसली. हातातल्या बांगड्या ओट्यावर घरंगळल्या, तिने त्या गोळा केल्या नाहीत. मग तिने विचारलं, "तुमचा धोंडू कसा आहे?"

"बरा आहे."

"असू दे. त्याला काही होऊ नये," ती म्हणाली. गुणाजीचा बांध फुटला. तो तिच्या पायांवर पडायला वाकला, तसे तिने पाय झटकन ओढून घेतले. "पाया पडू नका," म्हणाली. "मी पडले होते, काय झालं?"

मग ती जे बोलली ते आमच्या गावात शब्द न् शब्द जपून ठेवलंय. ती म्हणाली, "मला सांगून तुम्ही हलके व्हाल आणि घाट उतराल. माझं काय? मला एकटीला सांगू नका. जिथे गप्प राहिलात तिथे बोला, ज्यांच्यापुढे गप्प राहिलात त्यांच्यापुढे. ते तोंड काढून, आपल्या तोंडाने. दर साल. आणि कुणी 'जाऊ दे, असू दे, होणारं काय चुकतं' असं म्हटलं, तर ते मला चालायचं नाही. मला कुणी तसं म्हणालं की मी वेडी होते."

गुणाजी माघारी आला आणि त्याने गावाला सांगितलं, यंदा खडपासमोर मी मुखवटा काढणार. गावात कल्लोळ झाला. गावचे मानकरी गावकर म्हणाले, देवीच्या स्नानाआधी संकासुराचं तोंड उघडं पडलं तर देवी कोपेल, आणि कोपली तर पहिला घाव तुझ्याच पोरावर पडेल, पाच वर्षं भरली तरी मुखवटा चढवलास की तोच नवस लागू. गुणाजीला काय ते कळत नव्हतं? तो त्याच भीतीने तर वर्षापूर्वी गप्प बसला होता. चंद्रभागेला त्याने विचारलं. ती एवढंच म्हणाली, "राहीला तरी कुणी विचारलं होतं?"

रंगपंचमीला मिरवणूक खडपासमोर आली. चंद्रभागा धोंडूचा हात धरून अगदी पुढे येऊन उभी राहिली. तिला पळून जाता आलं असतं पोराला घेऊन, पण ती पुढे आली. गुणाजीने ढोलकऱ्याचा हात धरला. ढोल थांबला. लोकांना काही कळेना. त्याने मुखवट्याची गाठ सोडली. घामाने आणि रडण्याने चेहरा निथळत होता म्हणे. धोंडूकडे बघत तो बोलला, "मी गुणाजी. पोर खडपावर आहे हे मी बघितलं होतं. मला तोंड होतं, मी बोललो नाही."

गर्दीतला एक म्हातारा कळवळून म्हणाला, "अरे जाऊ दे रे गुणाजी, होणारं..." गुणाजीने हात जोडले आणि मान हलवली. नाही. म्हातारा गप्प झाला. पाणी मात्र चढत होतं. लाट पालखीच्या दांड्याला लागली आणि देवीचं स्नान झालं.

त्या दिवसापासून गुणाजी कोपाची वाट बघत बसला. रोज धोंडूच्या कपाळाला हात लावून बघायचा. आठ दिवस गेले, महिना गेला, पावसाळा गेला. पोराला शिंकसुद्धा आली नाही. दुसऱ्या वर्षी गुणाजीने पुन्हा मुखवटा काढला, तिसऱ्या वर्षी काढला. धोंडू वाढला, होडी चालवायला लागला, त्याचं लग्न झालं. ऐंशी वर्षं जगला तो, नातवंडं-पतवंडं बघून गेला. देवी कधीच कोपली नाही.

तुम्हाला वाटेल, मग सुटला गुणाजी. कसला सुटतोय! धोंडू जसजसा मोठा होत गेला तसतसं गुणाजीला कळत गेलं, की देवी आता कोपत नाही, म्हणजे ती तेव्हाही कोपली नसती. हाक मारली असती तर दोन्ही पोरं जगली असती. शेवटी शेवटी तो देवळाच्या पायरीवर बसून म्हणायचा म्हणे, "आई, एकदा तरी कोपायचं होतंस." आमच्या गुरवांच्या घरात हे वाक्य पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत.

राही पुन्हा कधी समुद्रावर आली नाही. गुणाजी गेल्यावर त्याच्या घराने मान गावाला परत दिला, पण रीत कुणी मोडली नाही.

आजही रंगपंचमीला त्या खडपासमोर ढोल थांबतो, आणि ज्याच्या अंगावर संकासुर असेल तो मुखवटा काढून आपलं स्वतःचं नाव घेतो आणि तीच दोन वाक्यं बोलतो. यंदा शिवलकरांचा दत्ता आहे. तालुक्याच्या शाळेत मास्तर, शिकलासवरलेला. मला म्हणाला, "गुरवकाका, दोन वाक्यं तर आहेत." ते गेल्या महिन्यात. गेले आठ दिवस त्याला जेवण जात नाही. त्यालाही सहा वर्षांची मुलगी आहे.

ऐकू आला ढोल? निघाले तिकडून. उठा आता, पोरांचे हात धरा आणि चला पुढे. तो बोलून झाला की त्याच्याकडे बघायचं, नजर चुकवायची नाही. त्याचे डोळे भरलेले असतील, तुम्हाला त्याची दया येईल, जिभेवर शब्दही येतील. पण 'असू दे' असं कुणी म्हणायचं नाही. तुम्हीसुद्धा.